माळ्यावरचं सामान संग्रहालयाला देण्याआधी एक वही करा

गुहागरचं घर पाडायचंय, माळ्यावर मोडी कागदांचं दफ्तर, मूठभर शिवराया (तांब्याची जुनी नाणी), लाकडी मापं आणि पावसात डोक्यावर घ्यायचं पानांचं एक इरलं निघालंय, भंगारात घालवत नाही, संग्रहालय घेईल का, असं विचारलंयत. घेतील बहुतेक. पण मी केलेली चूक आधी ऐका.

आमच्या घरातली लाकडी पायली मी हौसेने एका संग्रहालयाला दिली. पुढे पाहुण्यांना दाखवायला गेलो तर काचेआड चिठ्ठी: ‘धान्याचे माप, लाकूड’. त्यांचा काय दोष? मीच काही सांगितलं नव्हतं. पूर्वी पायली गावागणिक कमीजास्त भरायची. म्हणजे कुठल्या गावची, कुणाच्या घरची, भात मोजायची की नाचणी, हेच तर त्या मापाचं मोल. विचारायला गेलो तोवर आजी गेलेली होती.

म्हणून आधी साधी दोनशे पानी वही आणा. वस्तू हलवण्याआधी ती जिथे आहे तिथेच फोटो घ्या. मग घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला शेजारी बसवा. घरात त्या वस्तूला काय म्हणत, कुणी केली, कुणी वापरली, कधीपासून पडून आहे, सगळं त्यांच्याच शब्दांत लिहा. पुस्तकी नावं घालू नका. पुस्तकी नाव संग्रहालयवाले घालतील, पण तुमच्या आत्याचा शब्द त्यांना कुठून मिळणार?

शिवराया चिंच, राख, पितांबरी कशानेही घासू नका. तो हिरवट-काळा थर गेला की अक्षरंही झिजतात. शिवाय मोठी आशा ठेवू नका. ‘श्री राजा शिव’ आणि ‘छत्रपति’ असली तरी घरोघरी निघतात त्या बहुधा पेशवाईतल्या किंवा त्यानंतरच्या दुदांडी, म्हणजे अक्षरांच्या ओळींमध्ये दोन आडव्या रेघा असलेल्या. त्या मोलाच्या नाहीत असं नाही, फक्त महाराजांच्या काळातल्या म्हणून सांगत फिरू नका.

दफ्तराला आपल्या दमट हवेत कसर आणि बुरशी लागते. उन्हात नको, सावलीत वाऱ्यावर पसरा. सेलोटेप आणि लॅमिनेशन तर अजिबात नको, फाटलेला कागद फाटलेलाच बरा. गठ्ठ्यांचा क्रम मोडू नका, कारण एकत्र बांधलेले कागद बहुधा एकाच भानगडीचे असतात. जमिनीचे, वतनाचे कागद निघाले तर आधी मोडी जाणणाऱ्याकडून वाचून घ्या, स्कॅन करा, मग द्यायचं का ते ठरवा. पुण्याचं भारत इतिहास संशोधक मंडळ १९१० पासून असेच कागद जमवतंय.

कायद्याचं थोडक्यात. पाया खणताना जमिनीत पुरलेलं काही लागलं तर ते ‘आपलंच’ नसतं. १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे दहा रुपयांवरच्या ऐवजाची खबर जिल्हाधिकाऱ्यांना द्यावी लागते. शंभर वर्षांवरच्या वस्तू १९७२ च्या कायद्याने पुरावस्तू ठरू शकतात. त्या परदेशी पाठवता येत नाहीत, आणि त्यांचा धंदा करायला परवाना लागतो. दारावर ‘जुनं पितळ घेतो’ म्हणणाऱ्याला समई विकण्याआधी हे आठवा.

द्यायचं कुठे? रत्नागिरीला थिबा राजवाड्यात राज्य पुरातत्त्व खात्याचं संग्रहालय आहे. (ब्रह्मदेशच्या थिबा राजाला इंग्रजांनी १९१० पासून जिथे नजरकैदेत ठेवलं तो वाडा बघायला लोक येतात आणि दालनांत न डोकावता परत जातात, हे वेगळं दुःख.) तुम्हाला चिपळूण जवळ. तिथलं लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर १८६४ पासूनचं, तिथेही विचारून बघा. २००५ आणि २०२१ चे महापूर चिपळूणने पाहिलेत, तेव्हा कुठल्याही संस्थेला वस्तू कुठल्या मजल्यावर ठेवणार हे विचारायला लाजू नका. देताना वहीची एक प्रत सोबत द्या, दानाची पावती घ्या, आणि नोंदवहीत पडलेला क्रमांक तुमच्या वहीत उतरवून ठेवा.

इरल्याला मात्र अजून हात लावू नका. वाळलेली पानं नुसत्या उचलण्याने गळतात. खालून सुपासारखं काहीतरी सरकवून दोघांनी मिळून उतरवा. पाडकाम कधी सुरू होतंय? त्याआधी माळ्याचा एक फोटो इथे टाका, मापांवर कोरलेलं काही दिसतंय का ते बघून सांगतो.