भाऊ ब्राउन शुगर (अफूपासून बनणारं भेसळीचं हेरॉइन) सोडून व्यसनमुक्ती केंद्रातून घरी आला. आता ओव्हरडोसचा धोका टळला का?

नाही. उलट पहिले काही आठवडे फार जपा. महिना-दीड महिना नशा बंद असली की शरीराची सहनशक्ती उतरते. पाय घसरलाच आणि त्यानं पूर्वीइतकीच मात्रा घेतली, तर तीच जीवघेणी ठरू शकते.

ओव्हरडोसची लक्षणं ओळखा: रात्री घशातून घरघर, मधेच श्वास थांबल्यासारखा, ओठ निळसर, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या. घरच्यांना वाटतं, गाढ झोपलाय. झोपू देऊ नका! जोरात हलवा, हाका मारा, 108 ला फोन करा, कुशीवर वळवा. डॉक्टरांना काय घेतलं ते खरं सांगा, अब्रूचा विचार नंतर. नॅलोक्सोन हे उताऱ्याचं औषध वेळेत मिळालं तर अफूवर्गीय नशेनं मंदावलेला श्वास पूर्ववत होऊ शकतो.

आणि कृपा करून रोज खिसे तपासू नका. 'आज बरं वाटतंय ना रे?' एवढं विचारा, फॉलोअपला सोबत जा. पुण्याच्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रात (1986 पासून) घरच्यांनाही उपचारात धरतात, ते मला फार मोलाचं वाटतं. अडलात तर 14446 ही सरकारी हेल्पलाइन मोफत आहे.