उत्तर: कपाटाची किल्ली मिळत नसेल तर ध्वनीचा धडा कसा घ्यायचा

मॅडम, जालना जिल्ह्यातल्या तुमच्या शाळेत प्रयोगशाळेचं कपाट कुलूपबंद आहे, "काही तुटलं तर वसुली तुमच्याकडून" म्हणून किल्ली मिळत नाही, आणि नववीची लेकरं आयाम (कंपन किती मोठं, म्हणजे आवाज किती मोठा) आणि वारंवारता (सेकंदाला किती कंपनं, म्हणजे सूर किती उंच) यांत घोळ करतात, हे वाचलं. परभणीकडच्या शाळेत विज्ञान शिकवताना माझ्याही वाट्याला हेच आलं होतं, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी कपाटाचं. जडसंग्रह नोंदवहीत (शाळेच्या टिकाऊ सामानाच्या वहीत) जे नोंदलंय ते कपाटात असलंच पाहिजे, हा नियम चुकीचा नाही. पण लेकरांनी प्रयोग केले तर काच फुटणार, स्प्रिंगा सैल होणार. ते वहीतून कमी करायचं तर निर्लेखनाचा प्रस्ताव मंजूर करून घ्यावा लागतो. आमचा प्रस्ताव एका कार्यालयात गेला, नाव लिहीत नाही. त्रुटी निघाली: मूळ खरेदीची पावती जोडा. खरेदी माझ्या नेमणुकीच्या कितीतरी आधीची. ती पावती कशीबशी शोधून दिली, तर प्रत्येक वस्तूचा फोटो मागितला. फुटून केव्हाच फेकलेल्या चंचुपात्राचा फोटो कुठून आणायचा? मग टेबल बदललं, फाइल सापडेना, "नव्याने सादर करा". तोवर मुख्याध्यापक कुणाला कपाटाला हात लावू देईनात. त्यांना दोष देत नाही. निवृत्ती जवळ आलेली, पेन्शनची कागदपत्रं अडतील ही धास्ती खरी होती. पण त्या काळात एक अख्खी तुकडी नादकाटा (ठोकला की एकच सूर देणारा धातूचा दुहेरी काटा) फक्त पुस्तकातल्या चित्रात बघून दहावी होऊन गेली. त्याचा राग मला आजही आहे. लेकरांसाठी घेतलेली वस्तू लेकरांपासूनच जपायची, याला काय म्हणावं!

तेव्हा एवढं करा: त्या वर्षाची मोडतोड त्याच वर्षी यादी करून मुख्याध्यापकांची सही घ्या, काचसामान आणि रसायनं उपभोग्य वस्तूंच्या वहीत जातात का ते बघा, आणि कुठलाही कागद पोच घेतल्याशिवाय देऊ नका. पोचेवर आवक क्रमांक हवाच. तुमच्या संस्थेची पद्धत वेगळी असू शकते, त्यामुळे शाळेतल्या क्लार्कला आधी विचारा. हा माझ्या अनुभवापुरता सल्ला आहे.

आता धडा. माझं स्पष्ट मत, तुमच्या लेकरांच्या गोंधळावर नादकाटा हा इलाजच नाही. एका नादकाट्याची वारंवारता एकच, ती बदलून दाखवता येत नाही. ३० सेंमीची स्टीलची पट्टी घ्या. पाचेक सेंमी टेबलावर घट्ट दाबा, बाकीची बाहेर ठेवून छेडा. पट्टी हलताना डोळ्यांना दिसते, पण सूर ऐकू येत नाही, कारण कंपनं सेकंदाला २० पेक्षा कमी आहेत. बाहेरची लांबी निम्मी केली की वारंवारता साधारण चौपट होते आणि जाडसर आवाज येऊ लागतो. आणखी कमी केली की आवाज बारीक होत जातो. आता लांबी तीच ठेवून जोरात छेडायला सांगा. आवाज मोठा होतो, सूर तोच राहतो. जोरात मारलं की आवाज "वर" जातो हा लेकरांचा पक्का समज तिथेच मोडतो. प्रत्येकाला स्वतः छेडू द्या, तुम्ही दाखवू नका. (टेबलाच्या कडेला पट्टी सैल धरली तर नुसती खडखड ऐकू येते, तेवढं बघा.)

प्रतिध्वनीच्या गणितात अंतर दुप्पट धरायचं राहतं, हेही तुम्ही लिहिलंय. वर्गाबाहेर न्या. गावात जिनिंगची किंवा गोदामाची लांब, सपाट भिंत असेल तर तिच्यापासून ८५ मीटर मोजून उभं राहा. प्रतिध्वनी ऐकू येईल त्याच क्षणी पुढची टाळी पडेल अशी लय धरायची. एका टाळीपासून पुढच्या टाळीपर्यंत आवाज १७० मीटर जाऊन येतो, साधारण अर्ध्या सेकंदात. अशा २० फेऱ्यांना किती वेळ लागला ते मोबाईलवर मोजा, म्हणजे चूक कमी होते. २० फेऱ्यांच्या एकूण अंतराला त्या वेळाने भागलं की आवाजाचा वेग निघतो. प्रतिध्वनी वेगळा ऐकू यायला पुस्तकातले १७.२ मीटर पुरतात, पण त्या अंतरावर टाळ्यांची लय जमत नाही.

एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवा. पुस्तकातला ३४४ मीटर प्रति सेकंद हा वेग २२ अंश सेल्सिअसचा आहे. ० अंशाला तो सुमारे ३३१, आणि दर अंशाला साधारण ०.६ ने वाढतो. आपल्याकडे एप्रिलच्या दुपारी पारा ४० वर असतो, तेव्हा तो ३५५ च्या आसपास जातो. एखाद्या लेकराने ३५५ काढलं तर "चूक" म्हणून खोडू नका, उलट शाबासकी द्या. परीक्षेत मात्र प्रश्नात दिलेलाच वेग घ्यायचा, हे बजावा.

विषयाला सोडून एक सांगतो, पण मराठवाड्यातल्या लेकरांना हे यायलाच हवं. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंतचे सेकंद मोजून ३ ने भागले की वीज किती किलोमीटरवर आहे ते कळतं. ३० सेकंदांच्या आत गडगडाट आला तर शेतातलं काम सोडून पक्क्या घरात जायचं, झाडाखाली थांबायचं नाही, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास तरी बाहेर पडायचं नाही. मृगाच्या आधी एक तास यासाठी काढा आणि घरी आई-वडिलांना सांगायला लावा. पोर्शन मागे पडला तरी चालेल.