लष्करी तळावर जगणाऱ्या गावांचा अमेरिकेतल्या राज्यांच्या बजेटवर किती भार पडतो?

बजेटमध्ये या भाराचं एकच ठरावीक कलम सापडत नाही, कारण मोठा हिस्सा थेट खर्चाचा नसून न मिळालेल्या कराचा असतो. तळाची जमीन केंद्राची, म्हणून तिच्यावर स्थानिक मालमत्ता कर नाही. तळावरच्या दुकानांतल्या खरेदीवर राज्याचा विक्री कर नाही. सैनिकाच्या पगारावर आयकर लावायचा हक्क त्याच्या मूळ राज्याला, नेमणुकीच्या राज्याला नाही. मुलं मात्र तिथल्याच सरकारी शाळेत जातात. त्यासाठी केंद्र 1950 पासून ‘इम्पॅक्ट एड’ देतं, पण त्यातून सगळी तूट भरत नाही.

टेक्सासचं उदाहरण बघा. 100 टक्के अपंगत्व असलेल्या माजी सैनिकाच्या राहत्या घराला तिथे पूर्ण करमाफी आहे. फोर्ट हूड या लष्करी तळाला लागून असलेल्या किलीन शहरात असे माजी सैनिक खूप आहेत, त्यामुळे विधिमंडळाने उदार मनाने दिलेल्या सवलतीचा फटका शहराच्या तिजोरीला बसतो. मला हे अन्यायाचंच वाटतं. माफीमुळे बुडालेली रक्कम शहराच्या सर्वसाधारण निधीतल्या उत्पन्नाच्या 2 टक्के किंवा जास्त असेल, तर अशा तळालगतच्या शहराला राज्य भरपाई देतं. हा भाग तेवढा बजेटमध्ये थेट दिसतो.

फक्त हा सगळा निव्वळ तोटा धरू नका: सैनिक तळाबाहेर घरभाडं भरतात, खरेदी करतात, तळावर स्थानिकांना नोकऱ्या मिळतात. तळ बंद झाला तर हेही उत्पन्न जातं, म्हणूनच राज्यं तळ टिकवायला वेगळे पैसे घालतात.