"ताई, घसा सुकतोय" म्हणतोय ना, मग आधी शुगर बघ

(तासगाव तालुक्यातल्या एका ताईचं पत्र आहे. धाकटा भाऊ 34 वर्षांचा, स्किझोफ्रेनिया हा मानसिक आजार, त्यावर आठ वर्षं ओलान्झापिनची गोळी चालू. आवाज ऐकू येणं थांबलंय पण वजन 58 वरून 86 किलोवर गेलंय. दोन महिने झाले, रात्रभर पाणी पितो, पाच-सहा वेळा लघवीला उठतो. जवळच्या डॉक्टरांनी "मानसिक पेशंट आहे, असं करतातच" म्हणून परत पाठवलं. आता ताई विचारतेय, गोळ्या बंद करू का?)

अगं, गोळ्या बंद करू नकोस, हे आधी सांगते आणि मग बाकीचं. आठ वर्षं ज्या गोळीने माणूस घरात नीट राहिलाय ती एकदम तोडली तर तो आजार परत येईल आणि मग शुगर राहील बाजूला.

तुझं पत्र दोनदा वाचलं मी. त्यात आईचं मत आहे, नवऱ्याचं आहे, डॉक्टरांचं आहे, शेजारच्या काकूंचं पण आहे, आणि भावाचं स्वतःचं काय तर एकच वाक्य, "ताई, घसा सुकतोय गं". मला तर सगळ्या पत्रात तेवढंच कामाचं वाटलं. तहान, सारखी लघवी, वाढलेलं वजन, हे तुझ्या नवऱ्याला झालं असतं तर तुम्ही दुसऱ्याच दिवशी शुगर तपासली असती की नाही?

ओलान्झापिनने भूक वाढते, वजन वाढतं आणि शुगर पण वाढू शकते, हे काही गुपित नाही, ही गोळी चालू असली की वजन, कमरेचा घेर, बीपी, शुगर आणि कोलेस्टेरॉल अधूनमधून बघत राहायचं असतं. तुझ्या पत्रात आठ वर्षांत एकदाही रक्त तपासल्याचा उल्लेख नाही. तपासायचं राहूनच गेलं असेल तर त्यात एकट्या तुझी चूक नाहीये, कारण मनोविकारवाल्यांना वाटतं फॅमिली डॉक्टर बघतील आणि फॅमिली डॉक्टरांना वाटतं ती "त्यांची" केस आहे, आणि मधल्यामधे पेशंट. स्किझोफ्रेनियासारखा आजार असलेली माणसं इतरांपेक्षा 10 ते 20 वर्षं आधी जातात असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, आणि त्यातली बरीचशी हार्ट, शुगर, फुप्फुस असल्याच आजारांनी.

माझ्या मामाचं सांगते. ओसरीवर पोटाशी उशी घट्ट धरून बसलेला असायचा, कोणी विचारलं की म्हणायचा दुखतंय, आणि घरातले म्हणायचे नाटकं करतोय, गोळी दिली का त्याला? दवाखान्यात पण तेच, फाईलवरचं मानसिक आजाराचं नाव बघून पोटाला हात न लावता परत पाठवलं. तिसऱ्या दिवशी अपेंडिक्स फुटलं. वाचला, पण त्यानंतर कधी काही दुखतंय म्हणून त्याने सांगितलंच नाही कोणाला.

हां, डॉक्टर अगदीच चुकीचं बोलले असं पण नाही. या आजारात काही जणांना खरंच पाणी पीत राहायची सवय लागते, आणि ते पण धोक्याचंच, रक्तातलं सोडियम उतरतं. हात थरथरू नयेत म्हणून जी गोळी देतात तिने तोंड कोरडं पडतं ते वेगळंच. पण हे सगळं शुगर नॉर्मल आल्यावर बोलायचं ना, त्याआधी कसं काय ठरवलं बुवा?

तर आता असं कर. गावातल्या आशाताईंना विचार, जवळच्या आयुष्मान आरोग्य मंदिरात तिशीच्या पुढच्यांची शुगर-बीपी फुकट बघतात, बोट टोचून दोन मिनिटांत कळतं. 200 च्या वर आली तर त्याच दिवशी डॉक्टर गाठ. कमी आली तरी तेवढ्यावर सोडू नकोस, उपाशीपोटीची शुगर आणि एचबीएवनसी (मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी शुगर सांगणारी रक्ततपासणी) करून घे. उपाशीपोटी 126 किंवा एचबीएवनसी 6.5 आणि त्यापुढे म्हणजे डायबेटिस धरतात. आणि हे सगळं होईपर्यंत मधेच उलट्या, पोटात दुखणं, जोरजोरात श्वास, गुंगी असलं काही दिसलं तर रिपोर्टची वाट बघत बसू नकोस, सरळ 108 ला फोन.

डॉक्टरांसमोर बसलीस की तहान, लघवी, वजन हे आधी सांग आणि आजाराचं नाव नंतर. लपवायचं अजिबात नाही, गोळ्यांच्या सगळ्या स्ट्रिप्स पिशवीत घालून ने, फक्त क्रम बदल. तरी टाळाटाळ झाली तर 2017 चा मानसिक आरोग्य सेवा कायदा सरळ म्हणतो की शारीरिक आजाराच्या पेशंटला जी वागणूक तीच यांना, इमर्जन्सी आणि अॅम्ब्युलन्ससकट. भांडायला नको जाऊस, पण माहिती असलं की आवाज आपोआप ठाम होतो.

मग रिपोर्ट घेऊन सिव्हिलच्या मनोविकार ओपीडीत जा. गोळी बदलायची, डोस कमी करायचा का सोबत मेटफॉर्मिन ही शुगरची गोळी द्यायची हे ते ठरवतील. जायच्या आधी काही विचारायचं असेल तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला 14416 वर फोन कर, चोवीस तास चालू, मराठीत बोलतात, पैसे नाहीत. आणि बिडीचं लिहिलंयस ते पण तिथे सांग. बिडीच्या धुराने ही गोळी शरीरातून लवकर निघून जाते, म्हणजे त्याने बिडी एकदम सोडली तर आहे तोच डोस जास्त होऊ शकतो. सोडू दे, चांगलंच आहे, पण डॉक्टरांना कळवून.

आईंना ओरडू नकोस. दिवसातून पाच वेळा गोड चहा देतात कारण तो मागतो तेवढं एकच आहे जे त्या देऊ शकतात, आणि देवऋषीकडे नेलं ते पण त्याच पोटी. चहाचा कप लहान करा, साखर कमी करा, संध्याकाळी मळ्यापर्यंत चालायला त्यांनाच सोबत पाठव. आणि हे सगळं ठरवताना त्याला विचार गं, चौतीस वर्षांचा बाप्या आहे तो. सुई टोचणार, का टोचणार, कुठे जायचं, त्याला आदल्या रात्रीच सांगून ठेव.

सोमवारी उपाशीपोटी ने, पाणी प्यायला दे हवं तेवढं, चहा मात्र नको. डब्यात भाकरी-भाजी घेऊन जा, रक्त दिल्या दिल्या तिथेच खायला घाल, आणि रिपोर्ट आला की मला कळव.

तुझी मावशी