आधी सोड, मग घे

प्रश्न : ताई, मी २९ वर्षांची, नाशिकला एका बँकेत कॅश काउंटरवर असते. तीन महिन्यांपूर्वी पेन्शनच्या दिवशी रांग पार दारापर्यंत गेली होती. नोटा मोजता मोजता एकदम धडधड, दरदरून घाम, आता आपण पडणार असंच वाटलं. ईसीजी, थायरॉइड, हिमोग्लोबिन सगळं नॉर्मल आलं. डॉक्टर म्हणाले, अँग्झायटी आहे, दीर्घ श्वास घेत जा. घेते, तर चक्कर वाढते आणि बोटांना मुंग्या येतात. डोळे मिटून ध्यानाला बसलं की ठोके कानात ऐकू येतात. आत्या म्हणते, इगतपुरीला विपश्यनेला दहा दिवस जाऊन ये. मी काउंटर बदलून मागावा का? माझंच काही चुकतंय का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : तुला ‘तू’च म्हणते, माझी सून तुझ्या वयाची आहे. तुझं काही चुकत नाही. घाबरलेल्या माणसाला आपण सगळेच ‘मोठा श्वास घे’ म्हणतो आणि तो बिचारा आधीच फुगलेल्या छातीत आणखी हवा कोंबत बसतो.

मी तीस वर्षं फिजिओथेरपिस्ट होते, दम्याच्या पेशंटना श्वास शिकवायचे. तरी स्वतःवर वेळ आली तेव्हा तेच केलं. डोंबिवलीहून जलद लोकल, लेडीज डबा. तेव्हा जलद गाड्या पारसिकच्या बोगद्यातून जायच्या, आणि त्या दिवशी गाडी नेमकी बोगद्यात थांबली. मी भराभर मोठे श्वास घेत सुटले. ओठांभोवती बधिर झालं, बोटं आखडली. शेजारी एक बाई मेथी निवडत होती. तिनं काही न विचारता अर्धी जुडी माझ्या मांडीवर ठेवली. ‘निवडा,’ म्हणाली. मग स्वतःच्या जावेच्या तक्रारी सांगायला लागली, मीही उत्तरं देऊ लागले. ठाणे आलं तेव्हा माझ्या मांडीवर पानांचा ढीग होता आणि बोटं सुटी झाली होती.

तुला मुंग्या येतात त्या ऑक्सिजन कमी पडल्यामुळे नाही. घाबरून भराभर मोठे श्वास घेतले की रक्तातला कार्बन डायऑक्साइड गरजेपेक्षा जास्त बाहेर पडतो. त्यामुळे मेंदूकडच्या रक्तवाहिन्या आकसतात, म्हणून गरगरतं. मग आपण आणखी घाबरतो आणि आणखी हवा ओढतो.

म्हणून आधी सोड. बशीतल्या गरम चहावर फुंकर घालतो ना, तितकी हलकी फुंकर. ती संपली की आत येणारा श्वास आपणहून येईल, तो ओढू नकोस. सराव घरी करायचा, तोही बरं वाटत असताना. उताणी झोप, गुडघे वाकव, पोटावर अर्धा किलो तूरडाळीची पिशवी ठेव. नाकानं चार आकडे घे, पिशवी वर जाईल. सहा आकडे सोड, खाली येईल. मिनिटाला साधारण सहा श्वास होतात. मध्ये कोंडून धरू नकोस. सकाळ-संध्याकाळ पाच-पाच मिनिटं पुरे. चक्कर आलीच तर समज, जास्त हवा घेते आहेस. श्वास सोडताना हृदयाची गती थोडी उतरते, म्हणून सोडणं लांबवायचं. कपालभाती आणि भस्त्रिका सध्या बंद. त्यात श्वास जलद चालतो.

आता ध्यान. डोळे मिटायची सक्ती कुणी केली आहे? घाबरट मनाला मिटल्या डोळ्यांआड फक्त ठोकेच सापडतात. तू डोळे उघडे ठेवून मेथी निवड, नाहीतर मोठ्यानं काहीतरी म्हण. मारुतिस्तोत्र, हरिपाठ, जे पाठ असेल ते. म्हणताना श्वास आपोआप लांब सुटतो. इटलीतल्या संशोधकांनी २००१ साली माळेवरची ख्रिस्ती प्रार्थना आणि ‘ॐ मणि पद्मे हुम्’ म्हणणाऱ्यांचे श्वास मोजले, तर दोन्हींत ते मिनिटाला सहाच्या आसपास आले. आपल्या आज्या जात्यावर ओव्या म्हणायच्या, त्यांचं कुणी मोजलं नाही एवढंच.

इगतपुरीला आत्ता नको. तिथल्या धम्मगिरी या विपश्यना केंद्राबद्दल मला आदर आहे. पण तिथे दहा दिवस मौन, पहाटे चारला उठणं आणि दिवसाला जवळपास दहा तासांची बैठक असते. पाच मिनिटं ठोके ऐकून घाबरणाऱ्या मुलीनं एकदम तिथून सुरुवात करू नये. पुढे जाशील तेव्हा अर्जात हा त्रास स्पष्ट लिही.

काउंटर बदलून मागू नकोस. आज काउंटर सोडलास तर उद्या बँकेची पायरी नको वाटेल. माझी जलद लोकल अशीच चार महिने सुटली होती. शेवटी एका मानसोपचारतज्ज्ञांनी मला रोज एक स्टेशन पुढे जायला लावलं. तूही असं कुणीतरी गाठ. गोळ्या दिल्या तर घे, त्यात कमीपणा नाही. रात्री-अपरात्री बोलावंसं वाटलं तर १४४१६ हा सरकारचा टेली-मानस क्रमांक आहे. फुकट आहे, चोवीस तास चालू असतो आणि मराठीत बोलतात. मात्र छातीतली कळ हाताकडे किंवा जबड्याकडे गेली, किंवा शुद्ध हरपली, तर फुंकर मारत बसू नकोस, सरळ दवाखाना गाठ.

आणि सिनेमात दाखवतात तसं खाकी पिशवीत तोंड घालून श्वास घेऊ नकोस. दम्याच्या किंवा हृदयाच्या माणसाला ते महागात पडतं. पर्समध्ये पिशवी ठेवायचीच असेल तर मेथीची ठेव.