बॉण्ड आणि इंडेक्स: बारावी सायन्सचे आणि शेअर बाजाराचे एकच का?

तुम्ही स्वतः कॉमर्सचे, मुलगी बारावी सायन्सला. तिच्या वहीत बॉण्ड आणि इंडेक्स दिसतात, तुमच्या गुंतवणुकीच्या कागदांतही दिसतात, तर यांचं काही नातं आहे का, असं तुम्ही विचारलंय. इंडेक्सचं आहे, बऱ्यापैकी जवळचं. बॉण्डचं नावापलीकडे काही नाही.

मी सोलापुरात टॉवेल-चादरींच्या रंगाईत आहे, त्यामुळे केमिस्ट्रीतला बॉण्ड रोजच्या कामातला. सुती धाग्याला साधा डायरेक्ट रंग दिला तर तो नुसता धरून बसतो, धुतला की थोडाथोडा जातो. रिअ‍ॅक्टिव्ह रंगाचं वेगळं. आधी मीठ टाकून रंग धाग्यावर चढवायचा, मग सोडा. सोड्याने पाणी अल्कधर्मी झालं की रंगाचा रेणू कापसातल्या सेल्युलोजशी सहसंयुज बंधाने (कोव्हॅलंट बॉण्डने) जोडला जातो, म्हणजे रंग धाग्याचाच भाग होतो. असे रंग १९५६ मध्ये बाजारात आले. तरी नवा टॉवेल पहिल्या धुण्यात रंग का सोडतो? बंध तुटतो म्हणून सहसा नाही. काही रंग धाग्याऐवजी पाण्याशीच जोडला जातो, तो नंतर उकळत्या पाण्यात साबणाने काढायचा असतो. तिथे काटकसर केली की गिऱ्हाइकाचा फोन ठरलेला.

मुलीला एक विचारून पाहा: बंध तुटताना ऊर्जा बाहेर पडते की द्यावी लागते? द्यावी लागते. बाहेर पडते ती बंध तयार होताना. पुष्कळ पोरं उलटं सांगतात.

बाजारातला बॉण्ड म्हणजे तुम्ही दिलेल्या कर्जाचा कागद. पुणे महापालिकेने २०१७ मध्ये पाणीपुरवठ्यासाठी २०० कोटींचे काढले होते, १० वर्षांचे, ७.५९ टक्क्यांनी. त्याची मेख भावात आहे. समजा तुमच्याकडे हजाराचा, ७ टक्क्यांचा बॉण्ड आहे आणि १० वर्षं बाकी आहेत. उद्या तसेच नवे बॉण्ड ८ टक्के द्यायला लागले, तर तुमचा विकताना साधारण ९३३ रुपयेच येतील. मुदतीपर्यंत ठेवलात तर हजार मिळतील, अर्थात कर्ज घेणारा बुडाला नाही तर. (कोर्टाबाहेर आपण ‘बॉण्ड’ म्हणून मागतो तो स्टॅम्प पेपर, ते तिसरंच प्रकरण.)

आता इंडेक्स. पाण्याचा अपवर्तनांक, म्हणजे मुलीच्या वहीतला रिफ्रॅक्टिव्ह इंडेक्स, १.३३, म्हणजे निर्वात पोकळीत प्रकाश पाण्यातल्यापेक्षा १.३३ पट वेगाने जातो. सेन्सेक्समध्ये १९७८-७९ साल १०० धरलंय, म्हणजे तो ८०,००० झाला की ८०० पट, लाभांश न धरता. दोन्हीकडे एकाला दुसऱ्याने भागलंय, म्हणून एकक उरत नाही. फरक एवढाच की सेन्सेक्सच्या ३० कंपन्या माणसं ठरवतात आणि अधूनमधून बदलतात. हिऱ्याचा २.४२ कोणती समिती बदलणार?

महागाईचा निर्देशांकही याच घरातला, आणि तो सोलापूरला नवा नाही. गिरणी कामगारांचा राहणीखर्च मोजायला इथे जानेवारी १९२८ ला संपणारं वर्ष १०० धरून निर्देशांक काढला जायचा. हल्ली औद्योगिक कामगारांच्या निर्देशांकाला २०१६ हे आधारवर्ष आहे. महागाई भत्ता यावरच हलतो, त्यामुळे कोणतं वर्ष १०० धरलं आणि खर्चाच्या टोपलीत ज्वारी किती, घरभाडं किती धरलं, यावर भांडणं होतात. ती व्हायलाच हवीत.

हीट इंडेक्स मात्र या घरात बसत नाही. त्याचं उत्तर अंशांतच येतं, कारण तो तापमान आणि दमटपणा मिळून अंगाला किती गरम वाटेल ते सांगतो. हवा अगदी कोरडी असेल तर ४३ अंशांवरही तो तापमानापेक्षा थोडा कमी निघतो. मुंबईच्या ३४ अंशांना, ७० टक्के आर्द्रतेत, तो ४५ च्या वर जातो. मे महिन्यात हे सोलापूरकराला पटवायला जाऊ नका.