मामांच्या शेडमध्ये पडलेला दुसऱ्या महायुद्धातला मिलिटरी ट्रक हौसेसाठी चालू करून ठेवणं परवडतं का?

तुमच्या मामांच्या चंदगडजवळच्या शेडमध्ये युद्धातला शेवरलेट ट्रक तीस वर्षं उभा आहे. मामा म्हणतात घेऊन जा, नाहीतर भंगारात घालतो. तुमचा बेत असा की डिझेल इंजिन बसवायचं, मिलिटरी हिरवा मारायचा आणि बेळगावात आणायचा. परवडण्याचं सांगतो, पण डिझेल आणि हिरवा रंग दोन्ही आधी डोक्यातून काढा.

माझ्याकडे त्याच जातीचा ट्रक आहे, खानापूर तालुक्यात. युद्ध संपल्यावर आजोबांनी डिस्पोजलच्या, म्हणजे फौजेनं विकायला काढलेल्या मालातून घेतला, लोंढ्याच्या जंगलातून लाकडं ओढायला. आरसी बुकावर मुंबई राज्याचा शिक्का आहे, कारण १९५६ साली जिल्हा म्हैसूर राज्यात गेला त्याच्या आधीची ती नोंद. सीमाभागातल्या घरात ज्याच्यावरून वाद झाला नाही असा बहुधा हा एकच सरकारी कागद.

आता रंग. ऑलिव्ह ग्रीन रंग संरक्षण खात्याच्या गाड्या सोडून कुणालाच मारता येत नाही. केंद्रीय मोटार वाहन नियमांतला १२१वा नियम तेवढंच सांगतो. त्यात बेळगाव हे मराठा लाइट इन्फंट्रीचं गाव. तसला ट्रक घेऊन कॅम्पातून निघालात तर हौस पहिल्याच चौकात फिटेल. माझा मातकट तपकिरी आहे, आणि त्यात काही कमीपणा नाही. १९४१ नंतर ब्रिटनमध्ये हिरव्या रंगाला लागणारं क्रोमियम ऑक्साइड अपुरं पडू लागलं, तेव्हा खुद्द फौजेनंच आपल्या गाड्या तपकिरी रंगवल्या होत्या. म्हणजे तपकिरी ट्रक जास्त अस्सल, असं तुम्ही पाहुण्यांना बिनदिक्कत सांगू शकता.

डिझेलचं म्हणाल तर जुन्या लाकूडवाल्यांनी या ट्रकांना पर्किन्सची इंजिनं बसवली, ती त्यांची पोटाची गरज होती. तुमची नाही. आणि २०२१ साली केंद्रानं व्हिंटेज गाड्यांसाठी जे नियम आणले त्यांत गाडी पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून जुनी हवी, आणि चेसिस, बॉडी, इंजिन यांत मोठा फेरफार केलेला नको. नोंदणीची फी २०,००० रुपये, मुदत १० वर्षं, पुढच्या नूतनीकरणाला ५,०००. नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं येतात. अशी गाडी रोजच्या वापराला किंवा धंद्याला काढता येत नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं आणि दुरुस्ती एवढ्यासाठीच रस्त्यावर आणायची. मात्र हे नियम लिहिलेत दुचाकी आणि खासगी चारचाकी डोळ्यांसमोर ठेवून. मामांच्या आरसीवर ‘मालवाहू’ असं लिहिलेलं असेल, तर अर्ज भरायच्या आधी आरटीओत जाऊन तोंडी विचारा. चंदगड महाराष्ट्रात, तुम्ही कर्नाटकात, म्हणजे कोल्हापूरची एनओसी आलीच. ट्रक ओढून आणण्याआधी कागद आणा. कागद नसेल तर तो ट्रक म्हणजे चार टायरवरचा पुतळा.

कागद झाले की चाकांकडे बघा. इंजिनाकडे नाही, चाकांकडे. कॅनडात बनलेल्या या ट्रकांची रिंग दोन तुकड्यांची असते, मधे टायर, आणि दोन्ही तुकडे नटांनी आवळलेले. चाकावर नटांच्या दोन ओळी दिसतात. आतली ओळ चाक हबला धरते, बाहेरची ओळ रिंगेचे तुकडे एकमेकांना धरते. टायरात हवा असताना बाहेरची ओळ सैल केली की रिंग तोफेच्या गोळ्यासारखी उडते. परदेशात या रिंगांना विधवा करणाऱ्या रिंगा म्हणतात, ते उगाच नाही. माझ्यासमोर घडता घडता राहिलं. खानापूर रोडला पंक्चर काढायला थांबलो होतो, मी चहा घेत होतो. पंक्चरवाल्या पोराच्या हातात व्हील पाना, बाहेरच्या ओळीतला एक नट काढून त्यानं नीट टोपीत ठेवलेला, दुसऱ्यावर पाय देऊन उभा. मी ओरडलो तसा कप हातातून पडला. पोरगं म्हणतं, “काय ओ मामा, एवढं काय झालं?” त्याच्या हातून पाना घेतला, आधी व्हॉल्व्हची पिन काढली, हवा पूर्ण गेल्यावर तोच नट त्याच्याकडून काढून घेतला. तेव्हापासून बाहेरच्या सगळ्या नटांना लाल रंग दिलाय, आणि पंक्चरच्या दुकानात मी चाकाजवळून हलत नाही.

मग इंजिन. तीस वर्षं उभं असलेलं इंजिन बॅटरी लावून सेल्फनं फिरवायचा मोह होईल. नका. आधी सहाही प्लग काढा, प्रत्येक भोकात थोडं रॉकेल नि इंजिन ऑइल सोडा आणि चार दिवस तसंच राहू द्या. नंतर हँडलनं हातानंच फिरवून बघा. हँडल धरताना अंगठा बाकीच्या बोटांच्याच बाजूला ठेवायचा, मुठीसारखा गुंडाळायचा नाही, आणि जोर खालून वर ओढताना लावायचा. इंजिननं उलटा झटका दिला तर अंगठा आणि मनगट वाचतं. ऑइलचा टप, म्हणजे इंजिनाच्या तळाचं ऑइलचं भांडं, खाली उतरवाच. माझ्याच्या तळाला काकवीसारखा गाळ बसला होता, चमच्यानं काढला. एअर क्लीनरमध्ये उंदराचं घर आणि कुंभारमाशीनं मातीनं बंद केलेल्या दोन नळ्या, हे वेगळंच.

तो गाळ का काढायचा ते समजून घ्या. हे २१६ घनइंची, म्हणजे साधारण साडेतीन लिटरचं सहा सिलेंडर पेट्रोल इंजिन, ताकद ८५ हॉर्सपॉवर. आजच्या इंजिनासारखं यात कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगपर्यंत दाबानं ऑइल जात नाही. टपात छोट्या पन्हळी असतात, रॉडच्या टोकाला पळीसारखा ओठ असतो, आणि प्रत्येक फेऱ्यात तो ओठ पन्हळीतलं ऑइल ओरपून घेतो. वेग वाढला की बारीक नोझलमधून त्याच ओठावर ऑइलची धार पडते. पन्हळीत गाळ बसला किंवा नोझल तुंबलं, की बेअरिंग कोरडं. आणि बेअरिंगही बदलून टाकायच्या शेलचं नाही, रॉडमध्येच व्हाइट मेटल, म्हणजे मऊ मिश्रधातू, ओतून घासलेलं. ते गेलं तर ओतणारा मिस्त्री शोधायला आमच्या उद्यमबागेत नाहीतर कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात फिरावं लागतं. लेथवाले हवे तेवढे, पण व्हाइट मेटल ओतायला हात बसलेला माणूस आता विरळाच. ऑइलच्या दाबाचा काटा चौदा पौंडांच्या आसपासच थांबतो. तो बघून नवे लोक घाबरतात आणि ऑइल पंप बदलायला निघतात. काटा बरोबर आहे. चुकतो तो ५० च्या वर पळवणारा ड्रायव्हर. मी ४५ च्या वर नेत नाही. मागचे हॉर्न वाजवतात, वाजवू देत.

सुट्या भागांचं फार टेन्शन घेऊ नका. हेच इंजिन १९३७ ते १९५३ पर्यंत शेवरलेटच्या साध्या मोटारींत नि ट्रकांत होतं, आणि जनरल मोटर्सचा मुंबईत शिवडीला १९२८ पासून १९५४ पर्यंत जुळणीचा कारखाना होता. त्यामुळे जुन्या गॅरेजांच्या माळ्यावर अजून माल निघतो. वायरिंग मात्र नवीन करा, आणि जाड करा. या गाडीची वीज सहा व्होल्टची. बारा व्होल्टच्या मानानं तेवढ्याच कामाला दुप्पट करंट लागतो. इलेक्ट्रिशियन सवयीनं मोटारसायकलची बारीक वायर ओढतो, मग दिवे मिणमिणतात आणि सेल्फ कण्हतो, आणि दोष बॅटरीला.

पेट्रोलची गंमत वेगळी. आता पंपावर मिळतं ते वीस टक्के इथेनॉलचं. इथेनॉल पाणी ओढून घेतं आणि जुनं रबर, कॉर्क मऊ करून टाकतं. आपल्याच जिल्ह्यातल्या उसाची मळी फिरून येऊन आपल्याच ट्रकच्या पेट्रोल पंपाचा डायफ्राम खाते. डायफ्राम, पाइप, कार्बोरेटरची गॅस्केटं सगळं इथेनॉलला टिकणाऱ्या मालाचं टाका. महिनाभर गाडी काढायची नसेल तर टाकी आणि कार्बोरेटर रिकामं करून ठेवा. उन्हाळ्यात पेट्रोल पाइपातच उकळतं आणि गाडी चढावर बसते. आजोबांचा उपाय अजून चालतो: गाडीच्या पेट्रोल पंपावर ओलं गोणपाट.

चालवायला शिकणं हा सगळ्यात मजेचा भाग. या गिअरबॉक्सला सिंक्रो, म्हणजे गिअर बदलताना दातांचा वेग आपोआप जुळवणारी सोय, नाही, दात सरळ कापलेले. क्लच दाबून गिअर न्यूट्रलला, क्लच सोडायचा, खालचा गिअर घ्यायचा असेल तर किंचित रेस द्यायची, पुन्हा क्लच दाबून गिअर टाकायचा. मला आमच्या गावातल्या एका रिटायर हवालदार काकांनी शिकवलं. त्यांनी फौजेत शक्तिमान चालवली होती, थ्री टनर. शक्तिमान म्हणजे जर्मनीच्या एमएएन कंपनीच्या परवान्यावर १९५९ पासून जबलपूरला बनलेला ट्रक. पहिल्या दिवशी मी गिअर नुसता रगडत होतो. काका शेजारी बसून म्हणाले, “ओढू नको रे, मागून घे. देतो तो.” तिसऱ्या आठवड्यात एका चढावर आवाज न करता तिसऱ्यातून दुसरा पडला तेव्हा काका काही बोलले नाहीत, फक्त तपकिरीची डबी पुढे केली.

केबिनमध्ये इंजिन दोन सीटांच्या मधेच आहे. त्यामुळे डावा पाय भाजतो आणि पेडल इतकी अडचणीत की बूट घालून नीट दाबता येत नाहीत. पावसाळ्यात जांबोटीच्या रस्त्यानं जाताना मात्र तीच ऊब सुखाची वाटते.

ब्रेकबद्दल माझ्याच चुकीचं सांगतो. ब्रेक हायड्रॉलिक आहेत, पण एकाच सर्किटचे. कुठंही एक वॉशर गेला की चारही चाकांचे ब्रेक गेले. एकदा घाईत मास्टर सिलेंडरमध्ये ब्रेक ऑइलऐवजी जॅकचं ऑइल ओतलं. रंग सारखाच वाटला. त्यानं रबर फुगतं. आठ दिवसांनी कणकुंबीहून उतरताना पेडल तळाला गेलं, परत वर आलंच नाही. नशीब, उतार सुरू होतानाच दुसरा गिअर टाकून ठेवला होता. हँडब्रेक ओढत, कडेच्या मातीच्या बांधाला डावं चाक घासत थांबवली. समोरच मलप्रभेच्या उगमाकडं जाणाऱ्या बायका उभ्या होत्या. त्यांना वाटलं मी देवदर्शनाला थांबलो. मीही तसंच म्हणालो आणि उतरून खरंच नमस्कार केला. ब्रेकची सगळी रबरं नवीन टाकल्याशिवाय आणि सगळे पाइप बदलल्याशिवाय शेडच्या बाहेर दहा फूटसुद्धा नेऊ नका.

आता परवडण्याचं. ॲव्हरेज लिटरला चार. खानापुराहून बेळगावला जाऊन यायला बारा-तेरा लिटर जातं, म्हणून मी रविवारीच काढतो, आणि नेहमी काढतो. उभी राहिली तर जास्त खर्च येतो: वॉशर सुकतात, पॉइंट गंजतात, टायर एका बाजूला चपटतात. दर हजार किलोमीटरला ग्रीस, दोन हजारांना ऑइल, स्प्रिंगच्या पाट्यांच्या पिनांना सवय लागेपर्यंत दर आठवड्याला ग्रीस पंप. हे सगळं स्वतः केलंत तर खर्च आटोक्यात राहतो. प्रत्येक गोष्टीला मिस्त्री लागणार असेल तर मात्र मामांना सांगा की भंगारवाल्याला द्या.

आणखी एक अडचण तुम्हाला अजून माहीत नसेल. ट्रक बेळगावात आणला की शिवजयंतीच्या चित्ररथ मिरवणुकीला मंडळाची पोरं मागायला येणार. मी एकदा दिला. रात्रभर पहिल्या गिअरमध्ये, अर्धा क्लच दाबून, हौद्यावर तीस माणसं आणि थर्माकोलचा किल्ला. पहाटे रेडिएटर उकळून राज्याभिषेकावरच वाफ आली. लोकांना वाटलं देखाव्याचाच भाग आहे, टाळ्या पडल्या. क्लच प्लेट मात्र मला बदलावी लागली. आता मी “गाडी व्हिंटेज आहे, नियमात बसत नाही” एवढंच सांगतो.

तुम्ही एक करा. समोरच्या काचेचा फोटो टाका. काचेचा वरचा भाग पुढं झुकलेला असेल तर ती नंतरची केबिन, सरळ उभी असेल तर आधीची, आणि त्यावरून दरवाज्याची रबरं कुठली लागतील ते सांगता येईल. शिवाय डॅशवरच्या पितळी पाटीचा फोटो, आकडे वाचता येतील असा. पाटी घासून चकचकीत करू नका, आकडे जातील. ओल्या फडक्यानं पुसा.